भाड्याच्या भिंतीवर किती दिवस लिहायचं?

आमचं पान बंद पडलं नाही, बंद केलं. कुठल्या कंपनीनं ते लिहीत नाही, तिचं नाव घेऊन तिची फुकट जाहिरात कशाला? आदल्या रात्री एक कविता टाकली होती. गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांवरची. माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात, त्यावरची. त्या कवितेत आमच्या जातीचं नाव होतं. गावात हाक मारतात तसं, शिवीसकट. ते नाव आमच्याच तोंडात होतं. ज्यांनी ते आमच्यावर थुंकलं त्यांच्या दारात परत नेऊन टाकण्यासाठी. सकाळी पाळीवरून आलो, फोन उघडला तर पान गायब. साडेतीन वर्षांचे अंक, दोनशेच्या वर कविता, मोर्च्यांचे फोटो, एका म्हाताऱ्या शाहिराचं बोलणं चार रविवार बसून उतरवून काढलेलं ते, सगळं साफ. खाली फक्त एक ओळ : तुम्ही समाजाच्या निकषांचं उल्लंघन केलं आहे.

समाजाचे निकष! दोस्तांनो, हे वाक्य आपल्याला नवीन आहे काय? आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावर हेच ऐकलं. फक्त तिथं सांगणाऱ्याला तोंड होतं. इथं तोंडच नाही. मी तक्रार केली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की आम्ही तुमचं म्हणणं तपासलं, निर्णय कायम आहे. अर्ध्या मिनिटात साडेतीन वर्षं तपासली. तलाठी बरा, निदान खुर्चीत बसलेला दिसतो, त्याच्या टेबलावर हात आपटता येतो.

शिवी देणारा आणि शिवी खाणारा यातला फरक मशीनला कळत नाही. ती शब्द बघते, कुणाच्या तोंडात आहे ते बघत नाही. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा पांढरपेशांना शब्दकोश शोधायची पाळी आली होती. आज ढसाळांनी त्यातलं एक पान फोनवरून टाकलं असतं तर दुपारपर्यंत टिकलं नसतं. आणि ज्या भाषेत आपल्याला रोज मारलं जातं ती भाषा वापरायची नाही असं ठरलं, तर मग लिहायचं काय? मोगऱ्यावर?

आता आपल्यातलेच काही म्हणतात, अरे त्यात काय, दुसरं खातं काढ. फुकट तर आहे. यावर मला बोलायचंय. फुकट आहे हेच तर दुखणं आहे. ज्याला आपण आपलं पान म्हणतो ते आपलं नसतंच. भिंत त्याची, चुना त्याचा, आपण रात्री जाऊन लिहितो, सकाळी तो पुसतो. पुसायलाही कारण लागत नाही. धंदा बसला की सगळी भिंतच पाडतो. ऑर्कुटवर आपल्या आधीच्या पोरांनी केवढं लिहिलं होतं! ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद केलं. त्याच्या आधी जिओसिटीज म्हणून होतं, तिथं जगभरच्या साध्या माणसांनी हातानं घरं बांधली होती, ते २००९ साली पाडलं. ज्यांनी आपलं लिहिलेलं वेळेत बाहेर काढलं नाही ते हात चोळत बसले.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून निघाला. त्याची जाहिरात पैसे देतो म्हटलं तरी 'केसरी'नं घेतली नाही. पैसे देतो म्हटलं तरी! 'केसरी'चेही समाजाचे निकष होते. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात दुसरं खातं काढायला बसले नाहीत. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढला, छापखाना उभा केला. भारतभूषण, पुढं त्याचंच नाव बुद्धभूषण झालं. त्याच्याही आधी १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला, नंतर तो लोखंडे यांनी मुंबईत चालवला. ही सगळी मंडळी नुसतं लिहून थांबली नाहीत. लिहिलेलं कुठल्या यंत्रावर छापायचं, ते यंत्र कुणाच्या घरात असायचं, हा प्रश्न त्यांनी लिहिण्याइतकाच मोठा मानला. आपण तो प्रश्न सोडून दिला. आपल्याला वाटलं फोन हातात आला म्हंजे छापखाना हातात आला. फोन हातात आला खरा. छापखाना हजारो मैलांवर दुसऱ्याच्या गोदामात राहिला.

तर मी माझ्या खोलीत छापखाना टाकलाय. खोली शिवडीत, दहा बाय बारा. छापखाना म्हंजे एक जुना लॅपटॉप, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. पडदा फुटलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. पडद्याची गरजच नाही. सर्व्हर सर्व्हर म्हणून जे ऐकता त्याचा लोकांनी बाऊ करून ठेवलाय. सर्व्हर म्हंजे दार वाजलं की उठून मागितलेला कागद हातात देणारा कॉम्प्यूटर. बस. त्याला वातानुकूलित हॉल लागत नाही. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली या माणसाच्या टेबलावरचा साधा कॉम्प्यूटर होता, १९९० साली, स्वित्झर्लंडच्या सर्न या संस्थेत. त्यावर त्यानं लाल शाईनं चिठ्ठी लिहून चिकटवली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. माझ्याही लॅपटॉपवर तसलीच चिठ्ठी आहे. तिसऱ्या दिवशी मायनं मिक्सर लावायला त्याचाच प्लग काढला म्हणून चिकटवावी लागली.

लागणारे प्रोग्रॅम फुकट आहेत, आणि हे फुकट वेगळं. लिनक्स, अपाची, एनजिनएक्स. हे घेतल्यावर ते तुमच्याकडे राहतात, कुणी परत मागायला येत नाही. कुलुपाचं सर्टिफिकेट पूर्वी विकत घ्यायला लागायचं, २०१५ पासून लेट्स एनक्रिप्ट नावाची संस्था तेही फुकट देते. मी मॅट्रिक. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. मला तीन आठवडे लागले, त्यातला दीड आठवडा अंकांची पानं बसवण्यात गेला. म्हणून कुणी मला सांगू नये की हे इंजिनियरचं काम आहे.

विजेचा हिशोब सांगतो, कारण घरात पहिलं भांडण त्यावरूनच झालं. पडदा बंद ठेवून लॅपटॉप साधारण पंधरा वॅट खातो. दिवसरात्र वर्षभर चालला तर एकशे तीस युनिट. आठ रुपयांनी धरा, हजार-साडेदहाशे रुपये वर्षाला. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्यूटर मिळतो तो पाच वॅटच्या आतबाहेर खातो, म्हंजे त्याचा तिसरा भाग. पण लॅपटॉपला बॅटरी असते, लाईट गेली तरी तो मरत नाही. मात्र जुनी बॅटरी चोवीस तास लावून ठेवली की फुगते, तिच्यावर डोळा ठेवायला लागतो. माझी बॅटरी गाद्यांपासून लांब, पत्र्याच्या फळीवर आहे. राऊटरला वेगळा छोटा बॅकअप लागतो, नाहीतर लॅपटॉप जागा आणि तार झोपलेली, असा प्रकार होतो.

खरी लढाई वेगळीच निघाली. ती दाराची.

मी गोदीत काम करतो. बंदराला पोर्ट म्हणतात ते आपल्याला माहीत, पण कॉम्प्यूटरलाही पोर्ट असतात हे मला माहीत नव्हतं. पासष्ट हजारांच्या वर असतात. पुस्तकात वाचून हसायलाच आलं, इथंही पोर्टच नशिबी. बाहेरून येणारा वाचक ८० नंबरच्या पोर्टवर येतो, कुलूपवाला ४४३ वर. तुमच्या राऊटरला सांगावं लागतं की या दोन धक्क्यांवर आलेलं गलबत आतल्या लॅपटॉपकडे पाठव. ते मी सांगितलं. तरी कुणी आत येईना. तीन रात्री घालवल्या. मग समजलं की माझ्या घराला नंबरच नाही.

नीट ऐका, कारण तुमच्यातल्या दहातल्या सातांचं तरी हेच असेल. इंटरनेटवर प्रत्येक घराला नंबर लागतो. जुन्या पद्धतीचे नंबर सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. पृथ्वीवर माणसंच त्याहून जास्त आहेत. जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. जे आधी आले त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले, जे उशिरा आले त्यांना उरलंसुरलं. ही गोष्ट जमिनीबद्दल ऐकल्यासारखी वाटते ना? मग कंपन्यांनी काय केलं, शेकडो घरांना मिळून एकच नंबर दिला. कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात त्याला. मी त्याला चाळ म्हणतो. चाळीला पत्ता आहे, खोलीला नाही. तुम्ही आतून पत्र पाठवलं तर उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, कारण चाळवाल्यानं वहीत लिहून ठेवलंय की हे पत्र अमुक खोलीचं. पण बाहेरून कुणी आपणहून तुमचं दार विचारत आला, तर वहीत काहीच नाही, तो फाटकावरूनच परत. म्हंजे तुम्ही जगाकडे जाऊ शकता. जग तुमच्याकडे येऊ शकत नाही. गावकुसाबाहेर आमची वस्ती होती तिचं हेच होतं की. कामाला गावात जायचं. गावानं वस्तीत यायचं नाही.

आपण चाळीत आहोत का ते बघायचं सोपं आहे. राऊटरच्या आत त्याला बाहेरून मिळालेला नंबर लिहिलेला असतो. तो १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा नंबर १० नंच सुरू होत असेल, तर चाळ.

मी कंपनीत फोन केला. पोरगी बोलायला चांगली होती. "सर, घरी स्टॅटिक आयपी कशाला लागतो?" म्हटलं, छापखान्याला. ती गप्प. मग म्हणाली, "सर, तुम्ही बिझनेस प्लॅन घ्या." त्याचा दर ऐकून मी गप्प. शेवटी गल्लीतला तार ओढणारा पोरगाच कामाला आला. त्यानं तीच कंपनी सोडायला लावून दुसऱ्या लहान कंपनीची तार दिली आणि महिन्याला थोडे जास्त घेऊन कायमचा नंबर मिळवून दिला. कायमचा नाही मिळाला, नुसता रोज बदलणारा पण स्वतःचा मिळाला तरी चालतं. डायनॅमिक डीएनएस म्हणून सोय असते, नंबर बदलला की ती नावाच्या पाटीवर नवा नंबर लिहिते. तेही नसेल तर नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ नंबर आहेत. ते इतके आहेत की प्रत्येक खोलीला काय, खोलीतल्या प्रत्येक भांड्याला पुरतील, आणि भारतात ते मोबाईलवर मोठ्या प्रमाणात आले आहेत. फक्त ज्या वाचकाकडे अजून जुनीच तार आहे त्याला तुमचं दार दिसणार नाही.

काही जण एका मोठ्या कंपनीचा बोगदा वापरतात. तुमचा कॉम्प्यूटर आतून तिच्याकडे तार नेऊन ठेवतो, वाचक तिच्या दारानं येतो. चालतं, पैसेही लागत नाहीत. पण मग फाटकावर पुन्हा मुकादम उभा केला की नाही? सामान तुमच्या घरात, किल्ली त्याच्याकडे. सुरुवातीला अडलं तर वापरा, पण ते म्हंजे घरचा छापखाना असं म्हणू नका.

आता उतरवणं आणि चढवणं. गोदीत आम्हाला या दोन शब्दांखेरीज आयुष्य नाही. जहाजातून माल उतरवायचा, जहाजात माल चढवायचा. या देशाच्या सरकारनं ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरवलं. २००४ साली म्हणाले, किमान २५६ केबीपीएस उतरलं पाहिजे. २०१३ ला म्हणाले, ५१२. २०२३ ला म्हणाले, २ एमबीपीएस. तिन्ही वेळा फक्त उतरवण्याचा आकडा. चढवायचं किती, त्याचा आकडाच व्याख्येत नाही. तुम्ही बघायचं, ऐकायचं, विकत घ्यायचं. तुमच्या घरातून जगाकडे काही जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीच नाही. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून जे ब्रॉडबँड घरोघर आलं त्याचं नाव एडीएसएल, त्यातल्या पहिल्या ए चा अर्थ असिमेट्रिक. असमान. नावातच लिहून ठेवलंय! इंजिनियर सांगतो की तारेत जागा कमी होती, लोक घेतात जास्त नि देतात कमी, म्हणून वाटणी तशी केली. असेल. लोक देत कमी होते की द्यायची वाटच अरुंद ठेवली होती, हे इंजिनियरला विचारून उपयोग नाही.

पण रडायचं कारण संपलंय, हेही सांगतो. आता काचेच्या तारेवर बऱ्याच प्लॅनमध्ये चढ-उतार सारखाच मिळतो. आणि आपल्याला चढवायचंय काय? शब्द. मराठीचं एक अक्षर कॉम्प्यूटरमध्ये तीन बाइट खातं, इंग्रजीचं एक. इथंही आपल्याला तिप्पट मोजावं लागतं, असो. तरी अडीच हजार शब्दांचा एक दणदणीत लेख पन्नास केबीच्या आत बसतो. चढवायला दहा एमबीपीएस मिळाले तर सेकंदाला सव्वा एमबी जातं. म्हंजे सेकंदाला पंचवीस माणसं तो लेख घेऊन जाऊ शकतात. आपल्या मासिकाची छापील प्रत पाचशे निघते. पाचशे माणसं एकाच वेळी दारात उभी राहिली तरी वीस सेकंदांत मोकळी. कविता तर दोन-तीन केबी. फोटो मात्र जड. फोनमधला तीन-चार एमबीचा फोटो तसाच टाकला तर एका फोटोला शंभर कविता काय, हजार कविता बसतील. फोटो लहान करून टाकायचे. व्हिडिओ घरून चालवायच्या नादी लागू नये, तिथं खोली हरते.

आता आपल्यातल्या शहाण्यांचा आक्षेप. एक भाऊ आहेत, चळवळीत माझ्या दुप्पट वर्षं काढलेले, तुरुंग बघितलेले. ते म्हणाले, "येड्या, आजवर पोलीस तुझा पत्ता शोधत यायचे. आता तू दारावर पाटी लावतोस." हे मी हसण्यावारी नेलं नाही. तुमच्या घरचा नंबर जगाला दिसतो, नंबरावरून कंपनी, कंपनीकडून घर. आणि कॉम्प्यूटर घरात ठेवणं म्हंजे काय असू शकतं ते एल्गार परिषदेच्या खटल्यानं दाखवलंय. २०१८ साली रोना विल्सन यांना अटक झाली, लॅपटॉप जप्त झाला. त्या लॅपटॉपमधल्या पत्रांवर खटला उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या तपासणी संस्थेनं अहवाल दिला की त्या लॅपटॉपवर बाहेरच्या कुणाचा तरी बावीस महिने ताबा होता आणि कागद बाहेरून आत सोडले गेले. आपल्याच कॉम्प्यूटरात दुसऱ्यानं लिहिलेलं, आणि भोगायचं आपण.

म्हणून माझे काही नियम आहेत, त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. छापखान्याचा लॅपटॉप वेगळा. त्यावर चिठ्ठी नाही, चपाटी नाही, वर्गणीदारांची यादी नाही, कुणाचा फोन नंबर नाही. जे छापून बाहेर पडलंय तेवढंच. उद्या कुणी उचलून नेला तरी त्याला फक्त आपले जुने अंक वाचायला मिळतील, आणि वाचले तर चांगलंच आहे. राऊटरवर दोनच दारं उघडी, ८० आणि ४४३. बाकी बंद. वर्डप्रेसबिर्डप्रेस काही नाही, साधी पानं. कारण ज्या दिवशी दार उघडलं त्याच रात्री नोंदवहीत पाहिलं तर कुठून कुठून टकटक सुरू. कुणीतरी वर्डप्रेसचं मागचं दार शोधत होता, जे आमच्याकडे नव्हतंच. दुसरा पासवर्डचे अंदाज मारत होता. घाबरू नका, ती माणसं नव्हेत, यंत्रं आहेत, जगातल्या प्रत्येक घराची कडी वाजवत फिरतात. पण कडी ढिली असली तर आत येतात. महिन्याला नाही, आठवड्याला प्रोग्रॅम ताजे करायला लागतात. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं घरी सर्व्हर ठेवू नये, हे मी स्वच्छ सांगतो.

आणि ती नोंदवही. कुठल्या नंबरावरून कोण आलं, कुठली कविता किती वाजता वाचली, सगळं तिच्यात आपोआप लिहिलं जातं. मोठ्या कंपन्या याच वहीवर जगतात. मी नोंदवही बंद केली. टकटक बघायची म्हणून पहिले आठ दिवस ठेवली होती, मग पुसून टाकली. माझ्याकडे कोण वाचतं हे मला माहीत नाही, आणि विचारायला येणाऱ्यालाही मी ते सांगू शकत नाही. वाचकाला एवढी तरी हमी द्यायला पाहिजे.

कायद्याचं म्हणाल तर घर म्हंजे किल्ला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका पोस्टपायी नि एका लाइकपायी अटक झाली होती. ज्या कलमावरून गदारोळ झाला ते ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण ६९अ त्याच निकालात कायम राहिलं. त्या कलमाखाली सरकार ठरवील ती वेबसाईट सगळ्या कंपन्यांना रोखायला लागते, मग ती अमेरिकेत असो की शिवडीत. त्यापुढं माझा लॅपटॉप काही करू शकत नाही. पण सरकारचा आदेश ही एक गोष्ट. दोनशे जातीयवाद्यांनी एका रात्रीत बटणं दाबून तक्रारी केल्या म्हणून मशीननं साडेतीन वर्षं पुसून टाकणं ही दुसरी गोष्ट. पहिल्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, रस्त्यावर उतरता येतं. दुसऱ्याविरुद्ध कुठं जायचं? दुसरीतून घरचा सर्व्हर सोडवतो. तेवढ्यासाठी तो हवा. सगळ्यासाठी आहे असं मी म्हटलेलं नाही. वेबसाईटचं नावसुद्धा भाड्याचंच असतं, दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले तर दुसरा घेणार. ते घरात बनवता येत नाही.

छापखाना पडू शकतो हेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. २५ जून २०१६ ला पहाटेच्या अंधारात दादरचं आंबेडकर भवन पाडलं, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. बाबासाहेबांचा छापखाना! १९ जुलैला मुंबईत केवढा मोर्चा निघाला, पण पाडलेलं ते पाडलेलं. आणि बुलडोझरच लागतो असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती खोल्यांतून पोत्यात बांधून ठेवलेली लिटल मॅगझिनं लगदा होऊन निघाली त्याची मोजदाद नाही. आमच्या शेजारच्या काकांकडचा अख्खा गठ्ठा तसाच गेला. घरात ठेवलेलं घराबरोबर बुडतं. म्हणून एक घर पुरायचं नाही. माझ्या लॅपटॉपवरचं सगळं रोज रात्री दोन वाजता नागपूरच्या एका दोस्ताकडे उतरतं, रविवारी औरंगाबादला. शिवडी बुडाली तर नाव नागपूरच्या नंबरावर फिरवायचं, तासाभराचं काम. त्या दोघांचं सामान माझ्याकडे. कुणी कुणाचा मुकादम नाही. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, मायच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली.

ती कविता पुन्हा चढवली आहे. त्याच शब्दांत, शिवीसकट. एकही अक्षर बदललं नाही. मायला फोनवर दाखवली. तिनं वाचली, मग विचारलं, हे आहे कुठं? म्हटलं, तुझ्या डोक्यावर, फळीवर. तिनं वर बघितलं नि म्हणाली, मग त्याच्यावर डबे ठेवू नको म्हणून आधी सांगायचं ना.

गेलेल्या साडेतीन वर्षांतलं बरंचसं कागदी अंकावरून पुन्हा टाईप करतोय. तिसरा, सातवा आणि अकरावा अंक माझ्याकडे नाही. शाहिराच्या मुलाखतीचा दुसरा भाग सातव्यात होता. ज्याच्याकडे असेल त्यानं आणून द्यावा, बसल्या जागी फोटो काढून परत देतो. रविवारी सकाळी खोलीवर असतो, पाळी लागली नाही तर.